बाहेर बोट लागलं की बंद

प्रिय ठिपक्या,

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून तसाच सोडून देतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. कागदाचं एक बरं असतं. वाचताना बोट चुकून कुठेही टेकलं तरी तो डोळ्यांसमोरून नाहीसा होत नाही. हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये. का लिहितेय ते पुढे कळेल, तेवढं शेवटपर्यंत वाच. अक्षर वेडंवाकडं आलंय कारण सकाळपासून माझा हात थाऱ्यावर नाही. तरीही चष्म्याच्या दुकानात कामाला गेले आणि एका गिऱ्हाइकाच्या नाकावर दुसऱ्याचाच चष्मा चढवला. तो बिचारा म्हणाला, "फ्रेम छान आहे हो, फक्त आरसा कुठे गेला तो दिसत नाहीये." तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. शेवटी मालकीणबाईंनीच मला घरी पाठवलं. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. आई बाबांच्या खोलीत आहे.

तुझा शेवटचा मेसेज मला पाठ झालाय. महिनाअखेरीला टॅबमधलं सगळं काढून टाकणार, बाबांना नको असलेली वस्तू त्यांच्या उशाशी कशाला ठेवायची. आणि घरी ये म्हणून माझ्या मागे लागू नकोस, त्यांनी रोज एकदा मला नाही म्हटलंय, तेवढं पुरे. हा मेसेज आला तेव्हा मी तुझ्याशी भांडले नाही. आईसुद्धा नुसतं म्हणाली की पोरगा तरी किती सहन करणार. आम्हा दोघींनाही तुझंच बरोबर वाटत होतं. म्हणजे आज सकाळपर्यंत वाटत होतं.

बाबांचा अबोला तुला मी काय समजावणार, तू त्यातच वाढलास. मीठ जास्त पडलं तर अबोला, मी विचारल्याशिवाय केस कापून आले तर अबोला. आई त्यांचं ताट वाढून भिंतीला सांगायची, "भाजी गार होतेय म्हणावं." ते जेवून उठायचे आणि भिंतीकडेच बघत मान हलवायचे. आपण दोघं मधल्यामध्ये निरोपे. शेजारच्यांना वाटायचं, काय घर आहे, आणि आपल्याला त्यात काहीच वावगं वाटायचं नाही. आपल्याला पक्कं ठाऊक होतं की हा अबोला आपला आपण सुटतो, आणि कसा सुटतो तेही ठाऊक होतं. ज्याच्याशी धरलेला असेल त्याला ते एक दिवस कामावर सोबत घेऊन जायचे. दुकानाची पाटी रंगवून झाली की ब्रश पुसायचे, रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर आपल्याला उभं करायचे, आणि पाटीकडे बघतच विचारायचे, "वाचता येतंय का?" आपण म्हणायचं, "येतंय." संपलं. त्यांच्या तोंडून माफीचा शब्द कुणी ऐकला नाही, पण त्या प्रश्नानंतर पुन्हा त्या भांडणाचा विषयही कधी निघाला नाही.

तुला ठिपक्या हे नाव कसं पडलं ते आठवतं का? तू तेव्हा जेमतेम त्यांच्या कमरेएवढा होतास आणि ब्रश हातात दे म्हणून पिच्छा पुरवला होतास. त्यांनी तुला शिकवलं की आधी करंगळी टेकव, मग ब्रश लाव. हात अधांतरी ठेवला की अक्षर थरथरतं, करंगळीचा टेकू असला की रेघ सरळ येते. आणि टेकवायच्या आधी जागा कोरडी आहे ना ते बघ. तू पहिलं ऐकलंस, दुसरं नाही. अंडीवाल्याच्या ओल्या पाटीवर लाल रंगात तुझ्या करंगळीचा ठिपका उमटला. आता दोन दिवस बोलणं बंद, असं समजून मी आधीच तोंड पाडलं होतं. पण ते मोठ्याने हसले आणि त्या ठिपक्याचा त्यांनी कोंबड्याचा डोळा करून टाकला. ते स्वतः कुठेही हात ठेवताना आधी करंगळी ठेवतात. दाराच्या कडीवर, जेवणाच्या टेबलावर, माझ्या पाठीवर शाबासकी देतानासुद्धा. इतकं रोजचं होतं ते, की आपल्याला दिसायचंच बंद झालं.

मग तुझी ती पाटी. आता त्यावर हसायला हरकत नाही, बाबांच्या दुकानावर तू त्यांना न विचारता छापलेली, आतून उजळणारी पाटी लावलीस. आयुष्यभर हाताने पाट्या रंगवलेल्या माणसाच्या डोक्यावर छापील अक्षरं. तुला त्यांना चकित करायचं होतं, आणि तसे ते झालेही. दुसऱ्या दिवशी ती पाटी खाली उतरवून भिंतीला टेकून ठेवलेली, आणि त्यांच्या तोंडाला कुलूप. तूही त्यांचाच मुलगा, तूही बोलेनास. मी आणि आई निवांत होतो. म्हटलं, नेतील याला एखाद्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे. त्याआधीच त्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, आणि ज्या माणसाने अख्ख्या बाजाराला अक्षरं दिली त्याची अक्षरंच गेली. लिहायला कागद दिला तर डाव्या हातात पेन्सिल धरून नुसते बघत राहायचे. जन्माचा डावखुरा माणूस, हात शाबूत, आणि त्या हाताला एक अक्षर आठवेना. चित्रं तेवढी ओळखायचे.

तू धावत आलास, रजा टाकलीस, आणि त्यांच्या उशाशी बसून तो टॅब तयार केलास. मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आज पुन्हा म्हणते, मला तुझा फार अभिमान वाटला. मोठमोठी चित्रं. पाण्याच्या पेल्यावर बोट ठेवलं की "पाणी" असं बोलायचं. आवाज सगळीकडे तुझा घातलास, कारण फोनवर तुझा आणि बाबांचा आवाज लोकांना ओळखू यायचा नाही. त्यांचा आवाज त्यांना परत द्यायचा तर त्याच्या सगळ्यात जवळचा हाच, असं म्हणालास. मग घरातल्या माणसांचे फोटो. फोटोला बोट लावलं की नाव बोलायचं आणि फोटोखाली छोटा मेनू उघडायचा, त्या माणसाला काय सांगायचं ते निवडायला, आणि काय उघडलं, काय निवडलं ते त्याच्या फोनवरही जायचं. आणि तू किती खुशीत दाखवलं होतंस की चुकून नको तो मेनू उघडला तरी बाबा अडकणार नाहीत, बाहेर कुठेही बोट लागलं की तो बंद. जगात सगळीकडे असंच असतं, कुणाला शिकवावं लागत नाही, म्हणालास.

मग त्यांच्या हातात टॅब दिलास. त्यांनी सगळ्यात आधी तुझ्या फोटोला बोट लावलं. मेनू उघडला, आणि बंद झाला. पुन्हा लावलं, पुन्हा उघडला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर त्यांनी टॅब पालथा घातला आणि तोंड भिंतीकडे केलं. तू उठून जिन्यात जाऊन उभा राहिलास. मी मागोमाग आले तर म्हणालास, "बघितलंस? आजारपणातही राग सोडला नाही." मला तुझी समजूत घालावीशी वाटली, पण घालायची कशी? मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आपण तिघंही त्या पडद्याकडे टक लावून बघत होतो. त्यांच्या हाताकडे कुणीच बघितलं नाही रे.

तू परत गेल्यावरही रोज तेच. बाकी टॅब ते झकास वापरायचे. पाणी, खिडकी उघडा, पाय दुखतोय, सगळं तुझ्या आवाजात. आईच्या फोटोला बोट लावलं की नाव ऐकून आई हातातलं काम टाकून यायची, पुढचं काय ते त्यांचं तोंड बघून ओळखायची. तिला मेनूची गरजच पडली नाही. माझंही तसंच. आणि रोज सकाळी, दाढी झाली की, तुझा फोटो. तुझ्याच आवाजात "ठिपक्या" असं ऐकू यायचं, मेनू उघडायचा, मिटायचा, आणि टॅब पालथा. आई टॅबला म्हणायची, "तू तरी यांचं मन वळव रे." तुझ्या फोनवरही रोज तेच येत होतं ना, उघडलं, काही न निवडता बंद केलं? तू विचारलंस तेव्हा मी फोनवर सांगितलं की तेच बंद करतात, मी समोर असते. सुरुवातीला तुझा फोन आला की त्यांच्या कानाशी धरायचो, तर ते डोळे मिटून घ्यायचे आणि फोन दूर ढकलायचे. त्याचाही आम्ही तोच अर्थ लावला. अबोल्याची आपल्याला इतकी सवय, की माणूस खरोखरच बोलू शकत नाही हे आपण विसरूनच गेलो.

आज सकाळी दाढी झाल्यावर मी टॅब पुसायला घेतला. काच दिसली की पुसायची, हा माझ्या धंद्याचा रोग. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, त्यात काच धरली तर चित्रांवर बोटांचे डाग होते, ते असायचेच. पण खाली कोपऱ्याकडे, जिथे एकही चित्र नाही तिथे, एक लांबट डाग होता. एकाच जागी पुन्हा पुन्हा काहीतरी टेकल्यासारखा. मला वाटलं आमटी सांडली असेल. पुसला, टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला आणि तिथेच, त्यांच्या डाव्या हाताशी, फडक्याची घडी घालत बसले. त्यांनी तुझ्या फोटोला बोट लावलं. मेनू उघडला. मग त्यांनी हात उचलला, नीट नेम धरला, आणि आधी करंगळी टेकवली. खाली, कोपऱ्यात, त्या डागाच्या जागी. अगदी पाटी रंगवायला घेताना टेकवायचे तशी. मेनू मिटला. त्यांचं निवडायचं बोट पोहोचलं तेव्हा तिथे काहीच नव्हतं.

तेव्हा कळलं, ठिपक्या. चित्रांना याने काही फरक पडत नव्हता. करंगळी रिकाम्या जागी टेकायची, मग बोट पेल्यावर पडायचं, पाणी मिळायचं. पण मेनू उघडा असताना तीच करंगळी म्हणजे बाहेर लागलेलं बोट. तुझ्या टॅबला कुठून कळणार की हा माणूस नाही म्हणत नाहीये, सुरुवात करतोय. इतके महिने ते रोज सकाळी तुझ्याशी बोलायला निघाले होते आणि पहिल्याच पावलाला दार लागत होतं. आणि मी समोर बसून तुला कळवत होते की त्यांनी दार लावलं.

मी आईला हाक मारली. ती हात पुसत आली, मी तिला नुसती बाबांची करंगळी दाखवत राहिले. तिला वाटलं बाबांच्या करंगळीला काही झालं. मग तिने स्वतः टॅब धरून बघितलं, फोटोला बोट लावलं, करंगळी टेकवली, मेनू मिटला. पुन्हा करून बघितलं. मग ती पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "अगं, मी यांना रोज हट्टी म्हणत होते." एवढं बोलून तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं. ते कोरडंच होतं, पुसायचं काही नव्हतं.

पण त्याहून मोठं मला नंतर कळलं. बाबांना समजावून सांगायचं होतं. मी त्यांची करंगळी काचेवर टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली, दर वेळी मेनू कसा मिटतो ते दाखवलं. त्यांना उमगायला वेळ लागला. उमगलं तेव्हा ते स्वतःच्या करंगळीकडे असे बघायला लागले जसं घरातलंच माणूस फितूर निघावं. मग त्यांनी तुझ्या फोटोवर बोट ठेवलं, नंतर तळहात माझ्यासमोर आडवा धरला, नको म्हणताना धरतात तसा, आणि मान जोरजोरात हलवली. पुन्हा तुझा फोटो, पुन्हा तो आडवा हात, पुन्हा मान. तिसऱ्यांदा केल्यावर मला कळलं. ते विचारत होते, म्हणजे हा नको म्हणत नव्हता? इतके दिवस त्यांना वाटत होतं की मेनू तू बंद करतोस. तुझा फोटो, तुझा आवाज, तूच केलेला टॅब. रोज सकाळी ते तुझं दार वाजवत होते आणि रोज तू आतून कडी लावत होतास. म्हणून टॅब पालथा घालायचे, म्हणून तोंड भिंतीकडे. रागाने नाही रे. मी त्यांना लहानपणापासून ओळखते असं मला वाटत होतं, आणि त्यांचं दुखावलेलं तोंड मला समोर बसून ओळखता आलं नाही. मी मान हलवून नाही नाही म्हणत राहिले, आई त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, आणि ते लुळ्या बाजूनेसुद्धा हसायचा प्रयत्न करत होते. ते बघवत नव्हतं.

आता ज्यासाठी हा कागद घेतला ते लिहिते. मी माझा हात काचेवर आडवा, काचेला न लावता धरला आणि त्यांची करंगळी माझ्या बोटांवर टेकवून घेतली. त्यांनी तुझ्या फोटोला बोट लावलं. मेनू उघडला आणि उघडाच राहिला. ते कितीतरी वेळ नुसते बघत होते, कारण त्यांनी तो इतका वेळ उघडा कधी पाहिलाच नव्हता. त्यात काय काय आहे ते मलाही तेव्हाच नीट दिसलं. फोनचं चित्र, घराच्या दाराचं चित्र, लाल रागीट चेहरा, हसरा चेहरा. आणि अगदी खाली, तू गंमत म्हणून टाकलेला असशील, कोंबड्याच्या पाटीचा जुना फोटो, लाल ठिपक्याच्या डोळ्यासकट. बोट लाल चेहऱ्याजवळून गेलं. ते तिथे थांबलं नाही. दारावरही थांबलं नाही. खाली आलं आणि कोंबड्यावर टेकलं, आणि खोलीत तुझा आवाज घुमला, बाबांची नक्कल करणारा, हसू दाबलेला, "वाचता येतंय का?" आईने तोंडाला पदर लावला. त्यांनी पुन्हा दाबलं, आणि पुन्हा. तुझ्या फोनवर हे आलं असतं, पण तू ते येणं बंद करून ठेवलंयस, म्हणून मला लिहावं लागतंय. महिनाअखेरीची वाट बघू नकोस आणि तिथे बसून काहीही काढून टाकू नकोस. ती बाहेर बोट लागलं की बंद व्हायची सोय काढायची आहे तेवढी काढ, पण इथे येऊन, त्यांच्या शेजारी बसून काढ, म्हणजे दार कोण उघडतंय ते त्यांना दिसेल. "येतंय" हे उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मी दिलं नाही, तो प्रश्न मला नव्हता. आत्ताही खोलीतून तुझा आवाज येतोय, आई त्यांची करंगळी धरून बसली आहे, आणि प्रत्येक वेळी विचारून झालं की ते दाराकडे बघतायत.

तुझीच, अजून हात थाऱ्यावर न आलेली,
ताई